नव्या सुनेचं नाव

मी रोहिणखेडहून, मोताळा तालुक्यातून, तुमच्याशी बोलतेय. आजच्या विषयाचं नाव ऐकून कुणी रेडिओ बंद करू नका. विषय आहे कॉम्प्युटरच्या बॅकअपचा. तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या घरात कॉम्प्युटर नाही, आम्हाला काय त्याचं? पण तुमच्या गटाचा हिशोब आता कुठल्या तरी कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर आहेच. तुमची बचत, तुमचं कर्ज, तुमचे फेडलेले हप्ते, सगळं तिथे आहे. ते हरवलं तर नुकसान तुमचं. म्हणून दहा-पंधरा मिनिटं ऐका.

आधी रेशनकार्डाचं बोलू. घरात नवी सून येते. लग्न होतं, मांडव उतरतो, ती चुलीशी लागते, वावरात जाते. पण रेशनकार्डावर तिचं नाव चढवायचं राहून जातं. वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण घर चालू असतं. आणि मग एके दिवशी एखाद्या योजनेचा फॉर्म भरायचा असतो आणि कळतं की कागदावर ही बाई या घरात नाहीच. घरात आहे, पण यादीत नाही.

कॉम्प्युटरच्या बॅकअपमध्येही नेमकं हेच होतं. आमच्याकडे झालं. तेच सांगते.

आमच्या ग्रामसंघाकडे एक लॅपटॉप होता. त्यात गटांचे हिशोब होते: सभेची इतिवृत्तं, बचत आणि कर्जाची खाती, पावत्यांचे फोटो. लॅपटॉप कधी तरी बिघडणार हे आम्हाला माहीत होतं. आपल्याकडची वीज कशी येते-जाते ते तुम्ही जाणताच. म्हणून आम्ही एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आणि गावातल्याच एका कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाकडून बॅकअपची सोय लावून घेतली. दर शनिवारी डिस्क जोडायची, पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारायची, काळी खिडकी उघडायची, अक्षरं पळायची, खिडकी बंद व्हायची. झाला बॅकअप. एकही शनिवार मी चुकवला नाही. वहीत तारीख टाकून सही करायचे.

त्या वर्षी शेजारच्या वस्तीवरचा बारा बायांचा एक गट आमच्या ग्रामसंघात आला. गट जुना होता, दोन वर्षं चाललेला. त्यांचा आधीचा हिशोब त्यांच्या सचिवाच्या भाच्याने आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवला होता. तो पेन ड्राइव्हवर आणला आणि मी स्वतः आमच्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. पेन ड्राइव्ह परत गेला, पुसला गेला, त्यावर लग्नातली गाणी भरली गेली. कारण हिशोब आता आमच्याकडे होता आणि आमच्याकडे बॅकअप होता.

मे महिन्याच्या शेवटी लॅपटॉप बंद पडला, तो सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आतली डिस्क गेली. मला जराही भीती वाटली नाही. नवी डिस्क बसवली, बॅकअप उतरवला, सगळे गट जागच्या जागी दिसले. नव्या गटाचंही नाव दिसलं. आम्ही चहा केला.

जूनमध्ये त्या नव्या गटातली एक ताई पेरणीसाठी कर्ज मागायला उभी राहिली. नवरा नाही, दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन पेरायचं होतं. आम्ही खातं उघडलं. आधीच्या पंधरा हजारांपैकी चार हजार तिच्या अंगावर दिसत होते. ती म्हणाली, दोनच राहिलेत. "म्या त दोन्ही हप्ते भरले होते ना वं ताई. पोरीच्या बाळंतपनात होते, म्हनून शेजारनीच्या हातून धाडले होते."

तिचं पासबुक बघितलं. त्या दोन महिन्यांचं लिहिलेलं नव्हतं, कारण ती सभेला नव्हती आणि पासबुक घरी राहिलं होतं. पावतीपुस्तक सचिवाच्या घरी पावसात भिजून लगदा झालेलं. मी म्हटलं, काळजी नको, त्या पावत्यांचे फोटो आपल्याकडे आहेत, मीच उतरवलेत. फोल्डर उघडला. फोटो नव्हते. मागच्या दोन्ही वर्षांचे हिशोबही नव्हते. होती फक्त चालू वर्षाची एक फाइल, आणि तिच्यात सुरुवातीची बाकी चार हजार अशीच चढलेली.

मैत्रिणींनो, पैशापेक्षा वाईट गोष्ट काय झाली ते सांगते. सभेत कुणी काही बोललं नाही, पण बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गटात आपली पत हीच आपली मालमत्ता असते. सातबारा आपल्या नावावर नसतो, घर आपल्या नावावर नसतं. 'ही बाई बोलल्याप्रमाणे पैसे भरते' एवढंच आपल्या नावावर असतं. तेच तिचं डळमळलं, आणि त्याला कारण माझा बॅकअप होता.

तिचं खरं कसं ठरलं तेही ऐका, कारण तुमच्या उपयोगी पडेल. गटाचे पैसे सभेनंतर बँकेत भरले जातात. आम्ही बँकेतून गटाच्या खात्याचा उतारा काढला. त्या महिन्यात ६,७०० रुपये भरलेले दिसले. मग बाकीच्या अकरा जणींची पासबुकं गोळा केली आणि त्या महिन्याची बचत आणि हप्ते यांची बेरीज मारली. ती आली ५,६००. फरक १,१०० रुपयांचा. शंभर रुपये बचत आणि हजार रुपये हप्ता. हिशोब तंतोतंत तिचा. दुसऱ्या महिन्यातही तसाच फरक निघाला. सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. ताईंची मान वर झाली. पण यात तीन आठवडे गेले होते. पाऊस थांबत नसतो. तिने बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलले होते आणि ते व्याज तिने दिवाळीपर्यंत फेडलं. ते तीन आठवडे मी तिला परत देऊ शकले नाही.

मग मी त्या मुलाला बोलावलं. रागावायला नाही, समजून घ्यायला. दर शनिवारी न चुकता बॅकअप घेतला, तरी त्या फाइली का गेल्या नाहीत?

आता जरा नीट ऐका. बॅकअप मुख्यतः दोन प्रकारे घेतात. पूर्ण बॅकअप म्हणजे जे काही आहे ते सगळं पुन्हा उतरवायचं. त्याला वेळ लागतो, जागाही लागते. म्हणून एकदा पूर्ण घेतात आणि नंतर फक्त वाढलेलं आणि बदललेलं तेवढंच घेतात. याला म्हणतात इन्क्रिमेंटल बॅकअप. आपण वाढीव बॅकअप म्हणू. रोज सगळं घर सारवत नाही, पण जिथे खराब झालं तिथे हात फिरवतो, तसं. पद्धत चांगली आहे. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला असतो: काय वाढलं आणि काय बदललं हे कॉम्प्युटरला कळणार कसं?

आमच्या लॅपटॉपवरच्या आज्ञेत त्याचं उत्तर असं लिहिलेलं होतं: गेल्या सात दिवसांत ज्या फाइलीत बदल झालाय, तेवढ्याच उचल. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची नकल करणारी आज्ञा असते. तिच्यात 'मॅक्सएज' असा एक शब्द घालून पुढे सातचा आकडा टाकला होता. ऐकायला बरोबर वाटतं ना? दर शनिवारी चालवायचं, म्हणून सात दिवस.

पण फाइलीला एकापेक्षा जास्त तारखा असतात. एक, ती या कॉम्प्युटरवर तयार झाली ती तारीख. दुसरी, तिच्या आतल्या मजकुरात शेवटचा बदल झाला ती तारीख. पेन ड्राइव्हवरून फाइल उतरवली की विंडोज पहिली तारीख आजची टाकतं, पण दुसरी तारीख जुनीच ठेवतं, कारण आतला मजकूर बदललेला नसतो. आणि आमची आज्ञा दुसरी तारीख बघत होती. त्या गटाचा दोन वर्षांचा हिशोब माझ्या लॅपटॉपला नवा होता, पण त्याच्या अंगावरची तारीख जुनी होती. आज्ञेने पाहिलं, म्हणाली, ही तर जुनी फाइल, हिचा बॅकअप मागेच झाला असेल. आणि पुढे गेली. चालू वर्षाची फाइल मी दर महिन्याला उघडून लिहीत होते, म्हणून तेवढी एक वाचली.

मला तेव्हा सून आठवली. समजा, घरात मोजणीला कुणी आलं आणि त्याने विचारलं, मागच्या वेळेपासून या घरात कोण जन्माला आलं? तुम्ही खरं उत्तर द्याल, कुणी नाही. पण बावीस वर्षांची सून तर समोर पाणी घेऊन उभी आहे. ती जन्मली दुसरीकडे, आधीच. या घरात ती आली. प्रश्नच चुकीचा होता. 'कोण जन्मलं' असं न विचारता 'आज घरात कोण कोण आहे आणि माझ्या यादीत कोण कोण आहे' असं विचारायला हवं होतं. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की सून सुटत नाही.

चांगला वाढीव बॅकअप हेच करतो. तो लॅपटॉपवरचा फोल्डर आणि डिस्कवरचा फोल्डर यांची तुलना करतो. इकडे आहे आणि तिकडे नाही, मग तारीख कुठलीही असो, ती फाइल उचलायची. रोबोकॉपी मुळात असंच वागते. मॅक्सएजची अट आम्ही वरून घातली होती, ती काढली आणि आतल्या सगळ्या फोल्डरांसकट नकल करण्याची खूण ठेवली. वेळ किती वाढला? दोन-तीन मिनिटं.

दुसरी चूक याहूनही साधी असते. आमच्या ओळखीच्या एका गटात बॅकअप फाइलींच्या नावाने लावला होता: ही फाइल घे, ती फाइल घे. ज्या दिवशी सोय लावली त्या दिवशी जेवढ्या फाइली होत्या तेवढ्यांची यादी. नंतर नवा गट झाला, नवी फाइल आली, यादीत तिचं नाव कोण घालणार? म्हणून नावाने सांगू नका, फोल्डर सांगा. 'या पेटीत जे असेल ते सगळं' असं सांगा. आणि मग घरातल्या सगळ्यांना शिस्त लावा की गटाचं काहीही आलं तर ते त्याच पेटीत जाईल.

विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' म्हणून एक सोय आधीपासूनच असते. कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क जोडून ती सुरू केली की साधारण दर तासाला नवं आणि बदललेलं स्वतःच उतरवून घेते, डिस्क जोडलेली असेल तर. पण तिलाही तिची हद्द आहे. ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागा बघते. तुम्ही डी ड्राइव्हवर 'बचतगट' नावाचा फोल्डर केला असेल तर तो तिच्या नजरेत नाही. सोपा उपाय, गटाचा फोल्डर डॉक्युमेंट्सच्या आत ठेवा.

मोबाइलवरही हेच. आपल्या सगळ्यांचं काम आता मोबाइलवर चालतं. सभेचा फोटो, पावतीचा फोटो, पासबुकाचा फोटो. गूगल फोटोज लावलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त. पण ते सुरुवातीला कॅमेऱ्याने काढलेलेच फोटो उचलतं. व्हॉट्सअॅपवर आलेली पावती वेगळ्या फोल्डरात असते. तिचा बॅकअप हवा असेल तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस फोल्डर' म्हणून जे दिसतं, तिथे जाऊन व्हॉट्सअॅपचा फोल्डर आपल्या हाताने चालू करावा लागतो. आणि गूगलची फुकट जागा १५ जीबी असते. ती भरली की नवीन काही चढत नाही. जुनं सगळं दिसत राहतं, म्हणून आपल्याला वाटतं चाललंय. नेमकं नवं तेवढं बाहेर राहतं.

तुम्हाला वाटेल, ही आपल्यासारख्या खेड्यातल्या बायांची गफलत. तसं नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा एक विषाणू जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरला. मर्स्क ही डेन्मार्कची जगातली मोठी जहाज कंपनी. तिचे कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या मुंबईजवळच्या न्हावाशेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्यांचं एक टर्मिनल आहे, तिथलंही काम विस्कळीत झालं. मर्स्ककडे बॅकअप होते. पण कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे जे मुख्य सर्व्हर होते, त्यांचा वेगळा बॅकअप कुणीच ठेवला नव्हता. ते सर्व्हर एकमेकांच्या नकला ठेवत असत, म्हणून सगळे निश्चिंत. विषाणूने सगळेच एकदम पुसले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का वाचला? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो बंद होता. तिथला डेटा माणसाच्या हातून विमानाने इंग्लंडला नेला आणि त्यावरून सगळं पुन्हा उभं केलं. लोडशेडिंगने एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं, असं म्हणायला हरकत नाही.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, बॅकअप आहे एवढं पुरत नाही, त्यात काय नाही हे विचारायला पाहिजे. दुसरी, बॅकअपची डिस्क कायम लॅपटॉपला जोडून ठेवू नका. काम झालं की काढा, कुलपात ठेवा. त्यात बायांच्या आधारकार्डांच्या आणि पासबुकांच्या नकला असतात. ती डिस्क कुणाच्याही हातात देऊ नका. आणि जमलं तर दुसरी एक प्रत दुसऱ्या घरी, दुसऱ्या वस्तीवर ठेवा. मुंबईत मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली, तेव्हा कितीतरी कागदी फायली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत त्याच इमारतीत असते, ती आगीच्या दृष्टीने एकच प्रत असते.

अजून एक सावधगिरी. काही जण डिस्क अगदी लॅपटॉपसारखी हुबेहूब ठेवणारा बॅकअप लावून देतात. रोबोकॉपीत त्याला 'मिर' म्हणतात, म्हणजे आरसा. त्यात नवं चढतं, पण लॅपटॉपवरून चुकून काही पुसलं गेलं तर पुढच्या शनिवारी ते डिस्कवरूनही पुसलं जातं. हिशोबासाठी आरसा नको. चढू दे, पण खोडू नको, असं सांगून ठेवा.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. पहिलं, गटाच्या फोल्डरात एक नवी फाइल करा, तिला 'चाचणी' नाव द्या. दुसरं, एखाद्या पेन ड्राइव्हवरची मागच्या वर्षीची जुनी फाइल आणून त्याच फोल्डरात टाका. तिसरं, एक नवा फोल्डर करून त्यात एक फोटो ठेवा. मग बॅकअप चालवा. डिस्क काढा, दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा आणि तिन्ही शोधा. नुसतं नाव दिसून उपयोग नाही, उघडून बघा. तिन्ही उघडल्या तर तुमचा बॅकअप नव्याला ओळखतो. एक जरी नसेल, तर ज्याने सोय लावली त्याला बोलवा आणि विचारा, ही का सुटली?

शिवाय दर महिन्याला आकडा जुळवा. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडलं की आत किती फाइली आहेत ते दिसतं. लॅपटॉपवर ४१२ असतील तर डिस्कवर निदान ४१२ हव्यात. जास्त चालतील, कमी नकोत. आम्ही आता सही करण्याआधी हे दोन आकडे वहीत लिहितो. मी जी नुसतीच सही करत होते, ती माझ्या नियमितपणाची साक्ष होती. हिशोब सुरक्षित असल्याची साक्ष ती नव्हती. हा फरक मला फार महागात कळला, आणि माझ्यापेक्षा त्या ताईला जास्त महागात.

आणि पुन्हा सांगते, कॉम्प्युटर आला म्हणून वही सोडू नका. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित नोंदींचं आहे, आणि त्या ताईला शेवटी वाचवलं ते अकरा बायांच्या हातातल्या पासबुकांनी. सभेला येता आलं नाही तरी पासबुक धाडा. हप्ता शेजारणीच्या हातून पाठवला तर पासबुकही तिच्याच हातून पाठवा. तुमच्या घरच्या पेटीतलं ते पासबुक हाही एक बॅकअपच आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

३१ मार्चला आपण सगळ्या वर्षाचा हिशोब बंद करतो. जगात त्याच दिवशी बॅकअप दिवसही पाळतात. हा चांगला मेळ आहे. हिशोब बंद करताना ही परीक्षा घ्यायची, असं तुमच्या सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून टाका. पण मार्चची वाट बघू नका. येत्या सभेत आपल्या सीआरपी ताईला, सचिवाला एवढंच विचारा: गेल्या सहा महिन्यांत आपल्या गटात जे नवं आलं, ते बॅकअपमध्ये आहे का? मला उघडून दाखवा.

ती ताई आजही गटात आहे. यंदा ती गटाची कोषाध्यक्ष झाली. महिन्याचे दोन आकडे वहीत तीच लिहिते, आणि दोन्ही सारखे असल्याशिवाय मला सही करू देत नाही.